टाकी निघाली, मातीचं काय?

समजा, कल्याण-शिळ रस्त्यालगतचा एक जुना पेट्रोल पंप बंद झाला. भोवती पत्रे लागले, क्रेनने जमिनीतल्या लोखंडी टाक्या उचलल्या, खड्डा भरला गेला. आता तिथे टॉवर येणार. टाकी तीस वर्षं जमिनीत होती. तिच्या खालची माती कुणी तपासली का? त्याआधीचा प्रश्न म्हणजे, तपासा असं कुणी सांगितलं होतं का?

२४ जुलै २०२५ ला केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. त्यांचं स्वागत झालं, ते योग्यच होतं. तोवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत १०३ दूषित जागा आणि सफाई सुरू झालेल्या फक्त ७, अशी अवस्था होती. आता संशयित जागेची प्राथमिक तपासणी ९० दिवसांत, सविस्तर तपासणी पुढच्या ९० दिवसांत, मग जबाबदार कोण ते ठरवून खर्च त्याच्याकडून. वाचायला छान वाटतं. पण त्यातला 'संशयित' हा शब्द बघा. म्हणजे आधी कुणाला तरी संशय यायला हवा. डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा सगळे धावले. जमिनीखालचं पेट्रोल असं काही रंगबिंग दाखवत नाही.

अमेरिकेत १९८८ पासून संशयाची वाट बघत नाहीत. टाकी कायमची बंद करताना, गळती असण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त तिथे तपासणी करायचीच. कारण साधं आहे: खड्डा उघडा असतो, तळ हाताशी असतो. आपल्याकडे टाकी हा मुख्यतः २००२ च्या पेट्रोलियम नियमांचा विषय, म्हणजे आगीचा आणि स्फोटाचा. टाकीत वायू उरलाय का, हे काळजीने बघतात. तळाची माती त्या काळजीत बसत नाही.

केंद्रीय मंडळाची जानेवारी २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती 'नव्या' पंपांसाठी. शाळा-इस्पितळापासून ५० मीटर अंतर वगैरे. त्यात गळतीसाठी १६५ लिटरचा, म्हणजे साधारण एका बॅरलचा, आकडा येतो. जरा हिशेब करू. आजच्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं. १६५ लिटरमध्ये ते झालं सुमारे दीड किलो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. ते सगळं बेंझीन विरघळलं तर १४ कोटींहून जास्त लिटर पाणी त्या मर्यादेला पोहोचतं. प्रत्यक्षात सगळं विरघळत नाही, बरंच उडून जातं, जिवाणूही खातात. तरी एक बॅरल ही किरकोळ गोष्ट नाही, एवढं कळायला हा हिशेब पुरे.

बरं, तपासणी झालीच तर? माझी खरी तक्रार इथे आहे. खड्ड्याच्या चार कोपऱ्यांतली माती ट्रेमध्ये एकत्र कालवून तिचा एकच नमुना पाठवला, तर शिशाचं प्रमाण कदाचित ठीक कळेल. बेंझीन मात्र कालवतानाच हवेत जातं. त्यासाठी न ढवळलेली माती लगेच बाटलीत बंद करून थंड ठेवावी लागते. आणि एक कोपरा बरबटलेला, तीन स्वच्छ, तर सरासरी स्वच्छच दिसते.

त्यात आपली जमीन. वर माती किंवा भराव, खाली मुरूम, त्याखाली तडे गेलेला काळा पाषाण. पेट्रोल तड्याने खाली निघून जातं, आणि दोन तड्यांच्या मधला नमुना निर्दोष येतो. पावसाळ्यात भूजल वर चढतं, पेट्रोल त्यावर तरंगत वर येतं. पाणी उतरलं की तेही उतरतं, आणि वाटेतल्या मुरुमाला माखून ठेवतं. म्हणजे मे महिन्यातला अहवाल आणि ऑगस्टमधला अहवाल एकाच जागेचे असून वेगळे निघू शकतात. आता ते ९० दिवस पुन्हा आठवा: मार्चमध्ये सुरू केलेली प्राथमिक तपासणी पाऊस न बघताच संपते! निरीक्षण विहीर घेऊन पावसाआधी आणि नंतर, असं दोनदा पाणी तपासणं नियमातच यायला हवं होतं.

दूषित माती खणून काढणं हा झटपट उपाय. पण ती जायला हवी तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात, दुसऱ्या कुणाच्या प्लॉटवर भराव म्हणून नव्हे. उरलेलं जिवाणूंवर सोडता येतं, पण त्यांना ऑक्सिजन लागतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. जिवाणू ते आधी खातात, त्यातच ऑक्सिजन संपतो आणि बेंझीन मागे राहतं.

'बिल्डरवर आणखी किती खर्च लादणार?' हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. पण टॉवरच्या पायासाठी बोअर मारून जमिनीची ताकद तपासतातच. यंत्र जागेवर असतं, माणसं असतात, गाभाही बाहेर निघतो. त्याच बोअरमधून बेंझीनसाठी दोन नमुने घ्यायचे आणि एका बोअरला निरीक्षण विहीर म्हणून ठेवायचं. बांधकाम परवानगी देताना महापालिका जागेचा आधीचा वापर विचारून ही अट घालू शकते. टाकी होती हे तर परवान्याच्या कागदांवरच असतं, तिथे संशय यायची वाट बघावी लागत नाही.