‘मॅट्रिक्स रीलोडेड’ आणि प्रेक्षकांचा आक्षेप

‘द मॅट्रिक्स’ (१९९९) ह्या चित्रपटाचा दुसरा भाग २००३ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकांच्या अभिप्रायांत दोन टोके दिसून आली. महामार्गावरील पाठलागाची बहुतेकांनी वाहवा केली. त्यासाठी कॅलिफोर्नियातील अलामेडा येथे स्वतंत्र रस्ताच बांधण्यात आला होता. उलट, आर्किटेक्ट ह्या पात्राचे निओशी होणारे संभाषण अनेकांना दुर्बोध वाटले. एमटीव्हीच्या पारितोषिक समारंभात त्याच वर्षी त्याचे विडंबनही झाले.

हा आक्षेप निराधार नव्हे. ‘एर्गो’सारखे लॅटिन वळणाचे शब्द आणि भाववाचक नामांनी जड झालेली वाक्ये हा आर्किटेक्टच्या बोलण्याचा विशेष होय. परंतु पहिल्या भागात स्वयंपाकघरात बिस्किटे भाजणारी ऑरॅकल किती घरगुती इंग्रजी बोलते, हे ध्यानी घेतले म्हणजे ही दुर्बोधता हेतुपुरस्सर असल्याचे उघड होते. (तीही यंत्रप्रणालीच, हे ह्याच भागात कळते, पण तिला माणसांचे मन वळवावयाचे असते.) आर्किटेक्ट समजावून सांगत नाही, निकाल वाचून दाखवितो.

तथापि खरी तक्रार शब्दांविषयी होती काय? आशय तर अवघड नाही. निओ हा सहावा तारणहार. झायनचा विनाश यापूर्वी पाच वेळा झालेला. भविष्यवाणी हेही नियंत्रणाचेच साधन. पहिल्या भागाअखेर प्रेक्षकाने जी आशा घरी नेली, ती येथे हिरावून घेतली जाते. ‘कळले नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींना ते पुरेसे कळले असावे; रुचले मात्र नव्हते. दिग्दर्शकांचा दोष असलाच तर तो हा, की एवढ्या आशाभंगासाठी त्यांनी एका खोलीतील व्याख्यान पुरेसे मानले, आणि पाठलागाला मात्र अख्खा महामार्ग दिला.