छत, मीटर आणि मालकी : घरगुती सौर अनुदान योजनेची मीरा-भाईंदरच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना :

शासकीय योजनेचे मूल्यमापन बहुधा आकड्यांत होते. अर्ज किती आले, किती मेगावॅट क्षमता उभी राहिली, अनुदानाची किती रक्कम वाटली गेली, एवढ्यावर चर्चा थांबते. वस्तुतः प्रत्येक योजना आपल्या मसुद्यात एका विशिष्ट लाभार्थ्याची कल्पना करीत असते. त्याचे घर कसे आहे, त्याच्या नावावर काय आहे, त्याला कोणाची परवानगी लागते, हे ती गृहीत धरून चालते. त्या गृहीतकाशी ज्याचे जीवन जुळते त्याला योजना सहज लाभते. ज्याचे जुळत नाही त्याला ती नाकारीत नाही, पण त्याच्या वाट्यालाही फारशी येत नाही. घरांच्या छतावर सौरऊर्जा संच बसविण्यासाठी केंद्र शासन देत असलेल्या अर्थसाहाय्याचा विचार या दृष्टीने मीरा-भाईंदर शहराच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरते. 'घर' या शब्दाचा योजनेला अभिप्रेत असलेला अर्थ आणि या शहरातला अर्थ यांत मोठे अंतर आहे.

योजनेचे स्वरूप :

छतावरील सौरऊर्जेला अनुदान देण्याचे धोरण आजचे नाही. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले, तेव्हा २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट होते. २०१५ मध्ये ते १,००,००० मेगावॅटपर्यंत वाढविण्यात आले आणि त्यांपैकी ४०,००० मेगावॅट छतांवरून मिळावेत असे ठरले. मोठ्या सौर प्रकल्पांनी जी गती घेतली ती छतांनी घेतली नाही. २०२२ उजाडले तेव्हा छतांचे उद्दिष्ट फार मागे राहिलेले होते. २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यात घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅटपर्यंत ४० टक्के आणि पुढे दहा किलोवॅटपर्यंत २० टक्के साहाय्य देऊ करण्यात आले. गृहनिर्माण संस्थांना मात्र सामाईक सोयींसाठी सरसकट २० टक्केच होते. हा भेद येथेच लक्षात ठेवावा, कारण पुढे योजनेचे नाव बदलले तरी तो टिकून राहिला.

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७५,०२१ कोटी रुपयांच्या 'प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजने'ला मान्यता दिली. एक कोटी घरे, २०२६-२७ पर्यंतची मुदत आणि दरमहा ३०० युनिटपर्यंत मोफत वीज असे तिचे घोषित स्वरूप आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रतिकिलोवॅट रु. ३०,००० आणि तिसऱ्यासाठी रु. १८,०००, म्हणजे एका घरास जास्तीत जास्त रु. ७८,००० मिळतात. गृहनिर्माण संस्थेला सामाईक सोयींसाठी प्रतिकिलोवॅट रु. १८,००० मिळतात, प्रतिघर तीन किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट ही तिची मर्यादा आहे.

योजनेच्या नावातील 'मुफ्त' या शब्दाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे. ही वीज फुकट नाही. ग्राहकाने आधी संचाची किंमत मोजायची, पदरचे पैसे नसल्यास सवलतीच्या व्याजाचे कर्ज काढायचे, संच कार्यान्वित होऊन तपासणी झाल्यावर अनुदान बँक खात्यात जमा व्हायचे, आणि मग बिलातील बचतीतून उरलेली गुंतवणूक हळूहळू भरून निघायची, असा हा व्यवहार आहे. व्यवहार म्हणून तो चांगलाच आहे. परंतु गुंतवणुकीला दान म्हटले की ती कोणाला परवडते, हा प्रश्न विचारायचे राहून जाते. शिवाय अनुदानासाठी देशी बनावटीच्या सौरघटांचे पॅनेल वापरण्याची अट आहे आणि असे पॅनेल आयात मालापेक्षा महाग पडत आले आहेत. देशी उद्योग उभा राहावा हा हेतू रास्त असला, तरी त्यापायी अनुदानाचा काही अंश ग्राहकाच्या हाती न राहता कारखानदाराकडे जातो.

मीरा-भाईंदरचे घर :

भाईंदर परिसरातील मिठागरांत पिढ्यान् पिढ्या सूर्याच्या तापावर मीठ पिकविले गेले. ऊन वापरणे या भूमीला नवे नाही. नवी आहे ती दाटी. १९८५ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८,०९,३७८ वर गेली. मुंबईत घर न परवडणारा नोकरदार, छोटा व्यापारी, कारागीर रेल्वेच्या आधाराने येथे आला. त्याला मिळाले ते घर म्हणजे शांतीनगर, नया नगर किंवा भाईंदर पूर्व-पश्चिमेच्या वसाहतींतील सदनिका. उत्तन, डोंगरी, पाली, चौक या किनाऱ्यालगतच्या गावांत स्वतंत्र घरे आहेत. तेथे योजनेचे गृहीतक बऱ्याच अंशी लागू पडते. उर्वरित शहर मात्र इमारतींचे आहे.

सदनिकाधारकाच्या ठायी तीन गोष्टी एकमेकींपासून सुटलेल्या असतात. विजेचे मीटर त्याच्या नावावर असते. छत संस्थेचे, म्हणजे सर्वांचे असते. आणि ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती अनेकदा कागदोपत्री अजून विकासकाच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर असते. बंगल्याच्या मालकाच्या हाती या तिन्ही गोष्टी एकत्र असतात आणि योजनेने लाभार्थी म्हणून त्याचीच कल्पना केलेली आहे. देशात घरगुती छतांच्या बाबतीत गुजरात आघाडीवर राहिला आणि महाराष्ट्रात नागपूर जिल्हा पुढे राहिला, याची कारणे अनेक असतील. तरी स्वतःचे छत असलेल्या घरांचे प्रमाण हे त्यांतील एक असावे, असे मानण्यास जागा आहे.

तिसऱ्या गोष्टीचे, म्हणजे जमिनीचे, दुखणे जुने आहे. महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, १९६३ च्या कलम ११ ने विकासकावर हस्तांतरणाची जबाबदारी टाकली. ती इतक्या सर्रास टाळली गेली की २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. जुन्या करारनाम्यांत गच्चीचे हक्क विकासकाने स्वतःकडे राखून ठेवल्याची कलमे आढळतात. सामाईक जागेवर विकासकाचा हक्क चालत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात वाहनतळाच्या संदर्भात ठामपणे सांगितले. ही संस्था मीरा रोडच्या शेजारच्याच दहिसरची आहे. निकाल असला तरी प्रत्येक संस्थेने तो आपल्या कागदांत उतरवून घ्यावा लागतो आणि तोवर कर्ज देणारी बँक व संच बसविणारा कंत्राटदार दोघेही कचरतात. संच बसविण्यास हस्तांतरण ही अट नाही, हे खरे; पण पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू कोणाच्या मालमत्तेवर उभी करायची हा प्रश्न सर्वसाधारण सभेत कोणीतरी विचारतोच. तो विचारणारा सभासद अडेलतट्टू असतोच असे नाही.

उदाहरणादाखल एक हिशेब :

तळमजला अधिक चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार सदनिका, अशी उद्वाहन नसलेली वीस घरांची इमारत घ्यावी. तिच्या गच्चीचे क्षेत्र २,४०० चौरस फूट मानू. पाण्याच्या टाक्या, जिन्याचे छत, गळती थांबविण्यासाठी घातलेली पत्र्याची शेड आणि शेजारच्या उंच इमारतीची सावली वगळता निम्मी जागा उरली, तर एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट या प्रमाणाने बारा किलोवॅटचा संच बसतो. एक किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिट देतो असे धरल्यास एकूण १,४४० युनिट होतात. दर घरामागे ७२ युनिट येतात. योजनेच्या शीर्षकातील ३०० युनिट येथे भूमितीनेच अशक्य ठरतात. अर्थात ७२ युनिटही सामान्य कुटुंबाच्या बिलात दिसण्याजोगे आहेत.

परंतु तेही मिळत नाहीत, कारण संस्थेचे अनुदान 'सामाईक सोयीं'साठी आहे. उद्वाहन नसलेल्या इमारतीची सामाईक वीज म्हणजे पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे. त्याला तीन किलोवॅट पुरतात असे धरू. त्याहून मोठा संच सामाईक मीटरवर बसविल्यास वाढीव युनिट खात्यात साठत राहतात आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्यांचा मोबदला ग्राहक स्वतः मोजतो त्या दरापेक्षा बराच कमी मिळतो. म्हणून शहाणी संस्था तीन किलोवॅटवरच थांबेल. अनुदान होईल रु. ५४,०००. दर घरामागे रु. २,७००. तेवढ्याच क्षमतेचा संच बसविणाऱ्या बंगलेमालकाला रु. ७८,००० मिळतात. क्षमता तीच, सूर्य तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी छताखाली एक कुटुंब राहते आणि दुसऱ्या ठिकाणी वीस. सार्वजनिक पैशाने जास्त कुटुंबांना कमी आणि एका कुटुंबाला जास्त द्यावे, यामागे कोणते तत्त्व आहे हे योजनेच्या कागदपत्रांतून स्पष्ट होत नाही.

यावर असे उत्तर देता येईल की संस्थेच्या संमतीने सभासदाला वैयक्तिक संचही बसविता येतो आणि त्याला वैयक्तिक दराने अनुदान मिळू शकते. तरतूद आहे खरी. पण वर हिशेब केलेल्या बारा किलोवॅटच्या गच्चीवर तीन-तीन किलोवॅटचे चारच संच मावतात. पहिल्या चार अर्जदारांनी गच्ची व्यापल्यावर सोळा घरांनी काय करायचे? ज्याच्या हाती आधी पैसा आहे तो आधी अर्ज करील, हे उघड आहे. भाडेकरू ठेवून दुसरीकडे राहणाऱ्या मालकाला यात रस नसेल, कारण वीजबिल तो भरीत नाही. आणि भाडेकरूला रस असला तरी सभेत त्याला मत नाही.

राज्याचे साहाय्य आणि वितरण क्षेत्र :

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि दरमहा शंभर युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी केंद्राच्या अनुदानात स्वतःची भर घालणारी 'स्मार्ट' ही योजना आणली. तिची दिशा योग्य आहे; अल्प वापराच्या ग्राहकाला केवळ बचतीच्या आशेवर संच परवडत नाही, हे तिने ओळखले. मात्र ती महावितरणमार्फत राबविली जाते. मीरा-भाईंदर महावितरणच्या क्षेत्रात येत नाही. मुंबई उपनगरांबरोबर हे शहर पूर्वी बीएसईएस, मग रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटी यांच्या वितरण क्षेत्रात राहिले आहे. टाटा पॉवरचेही ग्राहक येथे आहेत. एकाच जिल्ह्यात ठाण्याचा अल्पउत्पन्न ग्राहक आणि भाईंदरचा अल्पउत्पन्न ग्राहक यांच्यात वीज कोण पुरवितो एवढ्यावरून भेद व्हावा, हे राज्याच्या साहाय्याच्या तर्काशी विसंगत आहे.

आभासी नेट मीटरिंग :

एका संचाची वीज अनेक मीटरांच्या बिलांत ठरलेल्या प्रमाणात वाटून देण्याच्या पद्धतीला आभासी नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सूर्यघर योजनेच्या सूचनांनीही तिला थारा दिला आहे. सदनिकांच्या शहरासाठी मीटर आणि छत यांना पुन्हा जोडणारा हाच मार्ग आहे. वरील उदाहरणात तिच्यामुळे बाराही किलोवॅट उपयोगात येतील आणि वीसही घरांच्या बिलांत ७२ युनिट वजा होतील. प्रश्न उरतो तो दराचा. अशा संचाला सामाईक सोयींच्या रु. १८,००० च्या दराने अनुदान दिल्यास घरामागे रु. १०,८०० पडतात; पहिल्या दोन किलोवॅटच्या रु. ३०,००० च्या दराने, रु. १८,०००. एका सदनिकेच्या वाट्याला जेमतेम ०.६ किलोवॅट येत असल्याने ती कधीच 'तिसऱ्या किलोवॅट'पर्यंत पोहोचत नाही. तेव्हा तिला वरचा दर नाकारण्याचे कारण उरत नाही. केवळ मोजणीचे एकक 'संच' ऐवजी 'कुटुंब' केल्याने हे साधते.

पुनर्विकास :

या सर्व विवेचनावर मीरा-भाईंदरमध्ये एक सावली पडलेली आहे आणि ती शब्दशः सावली आहे. १९८० नंतर उभ्या राहिलेल्या इमारती आता तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या. खाऱ्या हवेने त्यांच्या सळ्या गंजल्या, स्लॅब गळू लागले. पुनर्विकास अटळ झाला. पाच-सात वर्षांत पाडावयाच्या इमारतीवर पंचवीस वर्षांचा संच कोणी बसविणार नाही आणि बसवू नये.

पाडून जे उभे राहते त्याचा हिशेब मात्र कोणी करीत नाही. छताचा दर घरामागील वाटा मजल्यांच्या संख्येने भागला जातो. वरील वीस घरांच्या इमारतीच्या जागी, तेवढ्याच पायावर, बावीस मजल्यांचा मनोरा आला, तर घरे अठ्ठ्याऐंशी होतील आणि गच्ची तीच राहील. बारा किलोवॅटचे १,४४० युनिट अठ्ठ्याऐंशींत वाटल्यास घरटी सोळा युनिट येतात. उद्वाहने आणि पंप यांचीच भूक तेवढी असेल; तेव्हा सामाईक सोयींपुरते अनुदान अशा मनोऱ्याला नेमके लागू पडेल आणि कागदोपत्री योजना यशस्वी दिसेल. छताचा सर्वांत चांगला वाटा आज ज्यांच्याजवळ आहे त्या चार मजली इमारतींना मात्र उद्वाहन नाही म्हणून सामाईक वापर नाही, हस्तांतरण नाही म्हणून कर्ज नाही, आणि पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत म्हणून ठराव नाही.