गुराख्याचे गाणे कोणाच्या नावावर?

दिवाळीत वर्धा जिल्ह्यातल्या गावांमधून गोवारी गुराखी ढाल मिरवत, डफाच्या तालावर गात-नाचत निघतात. वर्षभर ज्यांची गुरे राखली, त्यांच्या अंगणात जातात, धान्य-पैसे घेतात. अभ्यासकांनी याला ‘लोकनृत्य’ म्हटले आणि विषय संपवला. माझ्या मते ही वर्गवारी अपुरी आहे. हे गाणे श्रमाची आठवण करून देणारे आहे.

तुलनेसाठी अमेरिकेतला ‘सन्स ऑफ द पायोनिअर्स’ हा संच घेऊ. १९३३ साली लॉस एंजेलिसमध्ये बॉब नोलन, टिम स्पेन्सर आणि लेनर्ड स्लाय (पुढचा रॉय रॉजर्स) यांनी तो त्रिकूट म्हणून सुरू केला. तिघांपैकी एकही पेशाने गुराखी नव्हता. तीन गळे एकजीव करणारा त्यांचा स्वरमेळ रेडिओला मानवला, सिनेमाने उचलला. त्यांच्या गाजलेल्या गाण्यांत माळरान आहे, वारा आहे, तहान आहे, मजुरी नाही. आर्वीकडे गवळाऊ गुरांमागे हिंडणाऱ्याला मात्र मालकासमोर उभे राहूनच गावे लागते.

त्या संचातल्या गायकांची नावे सालवार मिळतात. रसेल-हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात ‘गोवारी’ ही जात सापडते, गाणारा माणूस सापडत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मेले, तेव्हा कुठे उरलेल्या महाराष्ट्राने हा शब्द नीट ऐकला.

यंदा अंगणात ढाल आली, तर गाणाऱ्याला त्याचे नाव विचारावे आणि ते लिहून ठेवावे. संशोधनाची सुरुवात तिथून होते.