लढतीच्या व्हिडिओ गेममधील दडपण आणि नियंत्रण : ‘स्ट्रीट फायटर २’मधील धालसीम

व्हिडिओ गेमची समीक्षा बहुधा दृश्यरूपापाशी थांबते. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) मधील धालसीम हे भारतीय पात्र याचे ठळक उदाहरण होय. गळ्यात कवट्यांची माळ, मुखातून ज्वाळा, योगसामर्थ्याने लांबणारे हातपाय ही प्रतिमा साचेबद्ध आहे, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि पात्राचा अर्थ चित्राइतकाच त्याच्या डावपेचांतूनही घडतो, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

या खेळात दडपण म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पर्याय एकेक करून काढून घेणे. बचाव घेतल्यास प्रहार अडतो, परंतु पकड अडत नाही. पकड टाळण्यासाठी बचाव सोडावा, तर प्रहार बसतो. कोपऱ्यात सापडलेल्यास मागे सरण्याचीही सोय उरत नाही. सोव्हिएत मल्ल झांगीफ ही कोंडी अगदी जवळून करतो. धालसीमचे नियंत्रण याउलट अंतरावर अवलंबून असते. त्याची चाल मंद आहे. म्हणून लांब हात आणि अग्निगोळा यांच्या साहाय्याने तो प्रतिस्पर्ध्यास जवळ येऊ देत नाही.

मोशी-भोसरी परिसरास परिचित असलेल्या कुस्ती-कबड्डीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. फ्रीस्टाइल कुस्तीत निष्क्रिय मल्लास ३० सेकंदांची मुदत मिळते. त्या अवधीत कोणीच गुण न घेतल्यास प्रतिस्पर्ध्यास १ गुण दिला जातो. प्रो कबड्डीत सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई ‘डू ऑर डाय’ ठरते. दोन्हीकडे आक्रमणाची सक्ती नियमच करतो. ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये अशी सक्ती नाही. वेळ संपताना ज्याची शक्ती अधिक उरली असेल, तो फेरी जिंकतो. त्यामुळे आघाडीवरील धालसीमने केवळ अंतर राखले तरी पुरते. पुढे येण्याची जोखीम मागे पडलेल्यासच पत्करावी लागते.

नवख्या खेळाडूस हा पळपुटेपणा वाटतो. वस्तुतः प्रतिस्पर्ध्याची घाई ओळखणे आणि स्वतःची घाई आवरणे, ही दोन्ही कौशल्ये येथे कसाला लागतात. चित्र ज्यास केवळ अद्भुत ठरवते, त्याच्याकडून नियम मात्र संयमाची अपेक्षा करतात. अर्थात, त्यामुळे चित्रातील दोष पुसला जात नाही.

हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत (२०२३) ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा क्रीडाप्रकार होता. अशा खेळांत रमणाऱ्या विद्यार्थ्याविषयी मत बनविण्यापूर्वी अध्यापकाने त्यांचे नियमही संहितेप्रमाणे वाचणे आवश्यक आहे. अन्यथा खेळणाऱ्याने क्षणाक्षणाला घेतलेले निर्णय समीक्षेच्या दृष्टीस पडणारच नाहीत.