देवीची वाट सापडली, उद्यमबाग राहिली

बेळगावातल्या अनगोळच्या वाचकाला आपल्या मुलखाची कादंबरी वाचायची असेल, तर ती बहुतेक वेळा शेजारच्या तालुक्यांतून मिळते. राजन गवस गडहिंग्लजकडचे. पण ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’मधली माणसं जिच्या नावानं सोडली जातात, त्या यल्लम्माचा डोंगर बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्तीला. या दोन्ही कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या की जाणवतं, १९५६च्या राज्यपुनर्रचनेचा भार कथानकावर कुठंच नाही. जट, जग, भंडारा यांची वाट हद्द न विचारता जाते. निपाणीच्या महादेव मोरे यांनी तर पिठाची गिरणी सांभाळत वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, मेस्त्री मराठीत आणले. त्यांची भाषा कन्नडला लागून वाढलेली; ती कुठं साफसूफ केलेली नाही, हेच त्यांचं बळ. या मुलखाचं लेखन सकस होतं ते काम, श्रद्धा आणि बोली यांच्या मागं जाताना, असं माझं मत त्यामुळं पक्कं झालं.

यावर कुणी म्हणेल, मग सीमाप्रश्न टाळायचाच का? इतक्या पिढ्या ज्यात गेल्या, तो कादंबरीत नको? हवा. पण सभेतल्या भाषणासारखा आला की पात्रं घोषणा देऊ लागतात. तो शाळेच्या माध्यमात, दुकानाच्या पाटीत, सोयरिकीच्या बोलण्यात मुरून यावा. अडचण अशी, की तसं लिहायला लागणारं शहर अजून कादंबरीत नीट उतरलेलं नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन या भागातला सर्वांत जिवंत मुलगा, यात शंका नाही. पण तो कथांमधला, आणि त्याचं गाव जुनं. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीत दोन्हींची सरमिसळ बोलणारा आजचा अनगोळकर, किंवा वडगावचा मागवाला, निदान माझ्या वाचनात तरी कादंबरीचा नायक झालेला नाही.

असलं कन्नडमिश्रित जग पुण्या-मुंबईच्या वाचकाला जड जाईल, ही सबब मला पटत नाही. कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं अस्सल कर्नाटकी जग उमा कुलकर्णींच्या अनुवादांतून त्याच वाचकानं घराघरांत नेलं. (उमाताईंचा जन्म बेळगावचा, हे इथल्या लोकांना अभिमानानं सांगायला आवडतं.) आता, अनुवादात भाषा प्रमाण होते आणि मूळ मराठी बोली खडबडीत राहते, हा फरक खरा. पण लंपनच्या बोलीनं कुणाला अडवलं नाही.

आजचं शहर कादंबरीत न उतरण्याचं कारण मला दुसरीकडं दिसतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८चं. कडोली, उचगावसारख्या गावांतली साहित्य संमेलनं लोक आपल्या उत्सवासारखी भरवतात. म्हणजे वाचक आहे, हौसही आहे. मात्र संमेलनाच्या मांडवात टाळी मिळते ती कवितेला आणि कथाकथनाला. तीन-चार वर्षं एकट्यानं बसून लिहायच्या लेखनाला त्या दिवसभराच्या कार्यक्रमात जागा नसते, आणि इथला नवा लेखक आधी त्याच व्यासपीठाकडं पाहून लिहायला शिकतो.