वनमालाबाईंची आई

‘श्यामची आई’ला (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले आणि वनमालाबाई मराठी मनात कायमच्या ‘आई’ होऊन बसल्या. हा गौरव खराच. पण त्याने त्यांच्यातील अभिनेत्रीवर थोडा अन्यायही केला. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मधील (१९४१) त्यांची रुखसाना आज कोणाला आठवते? ग्वाल्हेरच्या संस्थानी वातावरणात वाढलेल्या या पदवीधर स्त्रीची ऐट तेथे उघड दिसते. अत्र्यांच्या चित्रपटात तीच ऐट दारिद्र्याआड दडते, लोपत नाही. म्हणूनच ही आई दीनवाणी वाटत नाही. श्यामला शिक्षा करतानाही तिचा आब ढळत नाही. आपण मात्र तिचे अश्रूच मोजत बसलो. पुढे बाई चित्रसृष्टी सोडून अध्यात्माकडे वळल्या. २००७ साली ग्वाल्हेरलाच त्यांचा देहान्त झाला.