पस्तीस दिवस आणि छत्तिसावी संध्याकाळ

डॉ. अनिल अवचट यांची ‘गर्द’ आणि ‘मुक्तांगणची गोष्ट’ ही दोन पुस्तके आपल्या बऱ्याच शाळांच्या ग्रंथालयांत असतात आणि बहुधा ‘सामाजिक’ या कपाटात असतात. ती विज्ञानाच्या कपाटात ठेवून वाचली तर काय हाती लागते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. प्रश्न एकच धरला आहे. व्यसन सोडलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत दिवसाचे वेळापत्रक नेमके काय देते? आणि हे वेळापत्रक निवासी केंद्रातच मिळायला हवे, की माणूस संध्याकाळी घरी जाऊन सकाळी परत आला तरी चालेल?

‘गर्द’ ही १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईत पसरलेल्या ब्राऊन शुगरची हकिगत. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. १९९७ मध्ये त्या गेल्या, २०२२ मध्ये डॉ. अवचटही गेले, संस्थेचे काम चालू आहे. ‘मुक्तांगणची गोष्ट’ ही त्या कामाची कथा.

अवचटांची भाषा बोलण्यासारखी आहे. ते निदान सांगत नाहीत, माणूस दाखवतात. त्यामुळे दारू पिणारा बाप म्हणजे ‘वाईट माणूस’ ही समजूत वाचता वाचता गळून पडते. वर्गात अशा घरातून आलेली दोन-चार मुले बसलेली असतात, हे शिक्षकाला ठाऊक असते. त्यांच्यासाठी हे पुस्तक मोलाचे आहे. पण यशाचे श्रेय ते माया, विश्वास आणि माणसांची धडपड यांना देतात, आणि वेळापत्रक बिचारे पार्श्वभूमीला राहते. वास्तविक मुक्तांगणचे मुख्य उपचार पस्तीस दिवसांचे निवासी. सकाळी योगासने, मग साफसफाई आणि श्रमाची कामे, गटचर्चा, व्याख्याने, समुपदेशन, असा दिवस तासातासाने बांधलेला. हा बांधलेला दिवस हेसुद्धा एक औषध आहे, आणि त्याची क्रिया समजून घेण्यासारखी आहे.

दारूचेच उदाहरण घेऊ. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूच्या दडपणाखाली काम करायचे असते. ते दडपण पेलण्यासाठी चेतापेशी आपली उत्तेजना वाढवून ठेवतात. दारू एकदम थांबली की दडपण जाते, वाढवलेली उत्तेजना मात्र राहते. सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात. साधारण दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात थोड्या रुग्णांना भ्रम होऊन जिवाला धोका होतो. ‘उद्यापासून बंद’ ही शपथ रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता घेऊ नये, ती याचसाठी. शाळेच्या व्यसनमुक्ती फेरीत आपण मुलांकडून वडिलांसाठी जी पत्रे लिहून घेतो, त्यांत हे वाक्य कुठेच नसते.

हा शरीराचा भाग आठवडाभरात बराचसा आटोपतो. गर्दच्या ‘टर्की’चेही तसेच, यातना भयंकर, पण मुदतीच्या. अडचण त्यानंतर सुरू होते. पाव्हलॉव्हचा कुत्रा आपण नववीत शिकवतो. घंटा वाजली की लाळ. पिणाऱ्याच्या घंटा कोणत्या? पगाराचा दिवस, संध्याकाळचे साडेसहा, एसटी स्टँडमागची टपरी, विशिष्ट मित्राची हाक. अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या रुग्णालयात अब्राहम विकलर यांना १९४० च्या दशकात दिसले, की महिनोन् महिने अफूजन्य पदार्थांपासून दूर राहिलेले लोक आपल्या जुन्या वस्तीत परतले की पुन्हा व्यसनात अडकतात. यामागे पाव्हलॉव्हचेच तत्त्व असावे, जुन्या खुणाच तलफ जागी करत असाव्यात, असे त्यांनी मांडले.

याचा उलटा पुरावाही मिळाला. व्हिएतनाममधून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिथे जवळजवळ पाचांपैकी एकाला हेरॉइनसारख्या पदार्थांचे व्यसन जडले होते. परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनाधीनांपैकी सुमारे पाच टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. खुणा मागे, समुद्रापार राहिल्या होत्या. (सगळे श्रेय जागाबदलाला देऊ नये, युद्ध संपणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.)

आता निवासी उपचाराकडे या नजरेने पाहा. पस्तीस दिवस माणूस खुणांपासून दूर असतो. त्या काळात तो बरा दिसतो, चेहऱ्यावर तेज येते, घरचे भेटायला येऊन हरखतात. पण खुणा पुसल्या गेलेल्या नाहीत, फक्त त्या समोर नाहीत. छत्तिसाव्या संध्याकाळी त्या समोर येतात. मुक्तांगणने हे ओळखलेले आहे. पाठपुराव्याच्या बैठका आणि पत्नींचा ‘सहचरी’ गट त्यासाठीच. गोष्ट म्हणून लिहिताना मात्र प्रवेशापासून निरोपापर्यंतचा काळ रंगतो आणि निरोपानंतरच्या संध्याकाळी थोडक्यात येतात. माझ्या मते पुस्तकाची खरी उणीव ही आहे.

दिवसभराच्या उपचाराची कल्पना नेमकी या संध्याकाळीला हात घालते. मनोरुग्णांसाठीची दिवसा चालणारी रुग्णालये १९३० च्या दशकात मॉस्कोत आणि १९४६ च्या सुमारास माँट्रियल व लंडन येथे सुरू झाली. व्यसनांच्या बाबतीत अमेरिकेत १९९१ पासून उपचारांच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या. तिथल्या मोजमापात आठवड्याला नऊ तास किंवा अधिक, म्हणजे उदाहरणार्थ तीन दिवस तीन-तीन तास, ही एक पायरी, आणि वीस तास किंवा अधिक ही तिच्या वरची. माणूस केंद्रात शिकतो आणि त्याच संध्याकाळी ते टपरीसमोर वापरून पाहतो. चुकला तर दुसऱ्या सकाळी गटात सांगतो. प्रयोगशाळा आणि क्षेत्रभेट एकाच आठवड्यात, असे शिक्षकी भाषेत म्हणता येईल. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसले, की बहुतेक रुग्णांच्या बाबतीत या पद्धतीचे परिणाम निवासी उपचारांच्या तोडीचे असतात. ज्यांना झटक्यांचा धोका आहे, ज्यांना घरच नाही, किंवा ज्यांच्या घरातच दारू गाळली जाते, त्यांची गोष्ट वेगळी.

इथपर्यंत सगळे छान आहे. आता ही कल्पना वेल्ह्याला नेऊ. तोरण्याच्या पायथ्याच्या या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. गावाला लोक वेल्हेच म्हणतात. इथून मार्गासनी, नसरापूर करत महामार्गाला लागून येरवड्याला जायचे म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर. पानशेतच्या पाण्यामागची आणि घाटमाथ्यावरची गावे त्याहून आडबाजूला. सकाळी निघून तीन तास उपचार घेऊन संध्याकाळी परत, असे आठवड्यातून तीनदा करायचे तर मजुरी बुडते, आणि आषाढात भाताची लावणी कोण थांबवणार? म्हणजे जी पद्धत ‘घरी राहून’ म्हणून स्वस्त आणि सोयीची ठरते, ती घर जवळ असणाऱ्यांसाठीच. ती शहरात, बस-लोकलच्या हिशेबाने घडलेली आहे. डोंगरातल्या माणसाला उलट पस्तीस दिवस एकदाच जाणे परवडते, आणि परतल्यावर पाठपुराव्याला जाणे परवडत नाही. दोन्ही पद्धतींतला त्याच्या कामाचा भाग नेमका निसटतो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. तेव्हा निवासी बरे की दिवसाचे बरे, हा वाद उरलेल्या सदतीस जणांच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही.

कामाचे असे काही आपल्या शेजारीच झाले आहे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने केलेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला केंद्राचे नेहमीचे उपचार थोडे सुधारून मिळाले. दुसऱ्याला त्याशिवाय वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांबरोबर एक ते चार बैठका. तीन महिन्यांनी पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. वर्षानंतरही फरक टिकला. मात्र पूर्णपणे दारूवर अवलंबून असलेल्यांना या चाचणीत घेतलेले नव्हते, हे विसरून चालणार नाही. त्यांच्यासाठी गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ची तालुका पातळीवरील उपचाराची रचना अधिक जवळची वाटते: माणूस शहराकडे नेण्याऐवजी उपचार तालुक्याला आणायचा.

गोव्याच्या आकड्यांतील २६ हा आकडा मुलांना जरूर दाखवावा. नुसत्या नेहमीच्या उपचारावर शंभरातले सव्वीस सुधारले! तुलनेचा गट नसता तर ३६ चे सगळे श्रेय समुपदेशनाला गेले असते. लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्‌स आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून बोचरा आहे. शंभर विवाहित मद्यपी पुरुष घेतले. निम्म्यांना कित्येक महिन्यांचे पूर्ण उपचार, निम्म्यांना पत्नीसह एकच सल्ल्याची बैठक. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. यावरून उपचार फुकट आहेत असे सिद्ध होत नाही. घर, संसार आणि सोबत असलेल्या माणसांवर थोडक्या मदतीनेही बराच परिणाम होतो, एवढे दिसते. अवचटांच्या पुस्तकातल्या सुटलेल्या माणसांच्या कथा वाचताना हा प्रयोग मनाशी ठेवावा. गोष्ट सांगायला परत येतो तो सुटलेला. जो परत आला नाही त्याची गोष्ट पुस्तकात येण्याचा मार्गच नसतो. हा दोष लेखकाच्या प्रामाणिकपणाचा नाही, कथा या प्रकाराचा आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने तेवढी जागा भरून काढावी.

नववी-दहावीच्या वर्गात यासाठी एक तास पुरतो. ‘मुक्तांगणची गोष्ट’मधील मुलांना आवडलेली एखादी हकिगत वाचून दाखवावी आणि विचारावे: हा माणूस आपल्या गावी परतला, तर पहिल्या संध्याकाळी त्याला कोणकोणत्या घंटा ऐकू येतील? यादी फळ्यावर लिहावी. कोणाच्याही घराचे नाव न घेता. मुलांना ही यादी आपल्यापेक्षा चांगली येते. मग विचारावे, यांतली कोणती घंटा गावाला बंद करता येईल, आणि कोणत्या वेळी त्याच्याबरोबर कोणी बसायला हवे. साडेसहा ते आठ या दीड तासासाठी शाळेची एक खोली आणि आरोग्य केंद्रातला एक प्रशिक्षित माणूस, एवढ्यावरसुद्धा आठवड्याचे नऊ तास सहा संध्याकाळींत भरतात.